खोड मोडण्यापूर्वी

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील शाळांच्या शिक्षकदालनात क्षणभर कान दिला, तर सांप्रत एकच गाऱ्हाणे ऐकू येते. मुले ऐकत नाहीत. जागेवर बसत नाहीत, शेजाऱ्याला बोचकारतात, उलट उत्तरे देतात, वही आणीत नाहीत. आणि हात उचलण्याची सोय आता उरलेली नाही. शाळेच्या फाटकाबाहेर, पालकांच्या घोळक्यात, दुसरे गाऱ्हाणे कानी पडते. शाळा उठसूट चिठ्ठी पाठविते, कामाचा खाडा करून या म्हणते, आणि आल्यावर आपल्याच मुलाच्या दोषांची यादी आपल्याला वाचून दाखविते. दोन्ही गाऱ्हाणी खरी आहेत. परंतु त्या दोहोंच्या मध्ये जे आठ-दहा वर्षांचे मूल उभे आहे, त्याला झाले आहे तरी काय, हे विचारण्याचे काम शाळेने पालकांवर आणि पालकांनी शाळेवर सोपविले आहे. परिणामी ते कोणीच करीत नाही.

मराठीत 'खोड' हा शब्द मोठा मासलेवाईक आहे. खोड लागते, खोड काढली जाते आणि शेवटी ती मोडावी लागते. आणि जित्याची खोड मेल्यावाचून जात नाही, असा निर्वाळाही आपल्या वाडवडिलांनी देऊन ठेवला आहे. आमच्या शाळांचा सारा विचार या एका शब्दाभोवती घोटाळतो. दोष मुलात आहे, तो अंगचाच आहे, आणि मोडणे हाच त्यावर उपाय, असे तीन सिद्धांत त्यात गृहीत धरलेले आहेत. तिन्ही बहुतेक वेळा चुकीचे ठरतात.

कायद्याने यातील तिसऱ्या सिद्धांताला हात घातला. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही बंदी केली. छडी बहुतेक ठिकाणी कपाटात गेली; पण छडीमागची बुद्धी बदलली असे आम्हांस म्हणवत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात वसईच्या एका शाळेत उशिरा आलेल्या मुलीला उठाबशा काढावयास लावण्यात आले आणि काही दिवसांत तिचा मृत्यू झाला. मृत्यूचे कारण काय, हे न्यायालय ठरवील. परंतु उशीर का झाला, हे विचारण्यापूर्वीच शिक्षा ठरलेली असते, ही गोष्ट कोणत्याही न्यायालयाने सांगण्याची गरज नाही. एरवी आज छडीची जागा अधिक सभ्य हत्यारांनी घेतली आहे. डायरीत तांबड्या शाईचा शेरा, वर्गाबाहेर उभे करणे, मागच्या बाकावर कायमची रवानगी, पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर नाव न घेता पण सर्वांना कळेल अशा बेताने केलेली तक्रार. आणि या सर्वांवर कडी म्हणून 'दाखला घेऊन जा' ही धमकी. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे त्याच कायद्याचे सोळावे कलम सांगते. ज्या शाळांना हा कायदा लागू आहे, त्यांच्या चालकांना हे ठाऊक नसेल असे नाही. पालकांना ते ठाऊक नसते, आणि धमकीला तेवढे पुरते.

आता मुलाकडे वळू. शाळेत दंगा करणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची गोष्ट वरवर पाहता येते त्याहून अगदी वेगळी असते. चौथी-पाचवीतील ज्या मुलाला नीट वाचता येत नाही, त्याचा विचार करा. त्याची बुद्धी इतरांइतकीच, कदाचित काकणभर सरसही असते. परंतु अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे ठरत नाहीत, किंवा ऐकलेला ध्वनी आणि लिहिलेले अक्षर यांची सांगड त्याला घालता येत नाही. मराठीच्या तासाला एकेकाने उठून उतारा वाचावयाचा आहे. त्याची पाळी जवळ येत चालली आहे. चाळीस-पन्नास मुलांसमोर अडखळून हसे करून घ्यावे, की त्यापूर्वीच शेजाऱ्याची पेन्सिल हिसकावून बाहेर हाकलले जावे, हे दोनच मार्ग त्याला दिसतात. तो दुसरा पत्करतो. मठ्ठ म्हणवून घेण्यापेक्षा वात्रट म्हणवून घेणे त्याला अधिक अब्रूचे वाटते, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. गुरुजी त्याला वर्गाबाहेर उभे करतात. त्यांच्या मते ही शिक्षा झाली; मुलाच्या मते ही सुटका झाली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पेन्सिल हिसकावतो, यात नवल ते काय? शिक्षेनेच खोड पक्की केली.

या अडचणीला अध्ययन-अक्षमता असे नाव आहे. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्येच आरंभ केला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. म्हणजे ही काही कालपरवा परदेशातून आलेली फॅशन नव्हे. तरीही आपल्याकडे ती बहुधा दहावीच्या तोंडावर, प्रमाणपत्रासाठी धावाधाव सुरू होते तेव्हा आठवते. वात्रटपणाचा शिक्का मात्र तिसरीतच बसलेला असतो.

काही कारणे याहूनही साधी असतात. फळ्यावरील अक्षर न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि नक्कल करतो म्हणून मार खाते. एका कानाने कमी ऐकू येणारे मूल 'लक्ष देत नाही' म्हणून नोंदले जाते. चष्मा आणि कानाची तपासणी यांनी सुटणारे प्रश्न आपण शिस्तीच्या रकान्यात टाकून ठेवले आहेत. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथूनच सुरू झाला. तो सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आखलेला आहे. ज्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांत आमच्या बहुसंख्य वाचकांची मुले जातात, तेथे हे काम शाळेने आपल्या खर्चाने करावयाचे असते. ते होते की नाही, हे वाचकांनी एकदा फीच्या पावतीवरील बाबी वाचून पाहावे.

इंग्रजी शाळांचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलून टाकू. घरी मराठी, शेजारी मराठी, आजीची गोष्ट मराठी, आणि पाचव्या वर्षी वर्गात एकाएकी जे बोलले जाते त्यातील निम्मे कळत नाही. न कळणाऱ्या भाषेत पाच तास स्वस्थ बसून राहणे प्रौढ माणसाला तरी साधते काय? वाचकांनी आपल्याला न समजणाऱ्या भाषेतील व्याख्यानास तासभर बसून पाहावे. अर्ध्या तासात तेही चुळबुळ करू लागतील. माध्यम कोणते निवडावे, हा प्रत्येकाचा प्रश्न. परंतु त्या निवडीची किंमत मूल भरीत असताना त्याला 'अवखळ' म्हणणे हा अन्याय आहे.

आमच्या या नगरांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि ते रेल्वेच्या वेळापत्रकात दडलेले आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर होती. आज ती त्याहून पुष्कळ अधिक असणार, हे घोडबंदर रस्त्यावरचे नवे मनोरे पाहूनच कळते. यांतील किती संसार सकाळी सातच्या आत घराबाहेर पडतात आणि रात्री आठ-नऊला परततात, हे फलाटावर उभे राहून पाहावे. डोंबिवलीहून मुंबईचे शेवटचे स्थानक ४८ किलोमीटर. आई आणि वडील दोघेही त्या प्रवासात पिळून निघालेले असतात. मूल शाळेतून पाळणाघरात, पाळणाघरातून शिकवणीत, शिकवणीतून घरी. आणि घरी आल्यावर हातात मोबाइल. आईबापांची भेट व्हावी म्हणून ते रात्री अकरापर्यंत जागते, आणि सकाळच्या पाळीची शाळा असेल तर सहाला उठविले जाते. अपुरी झोप झालेले मूल प्रौढांसारखे पेंगत नाही. ते चिडते, धावते, रडते, मारते. अशा मुलाबद्दल पहिल्या तासाला तक्रार येते. ती शिस्तीची बाब आहे की झोपेची, हे ठरविण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. आईबापांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. घराचा हप्ता आणि लोकलची गर्दी या दोन्ही गोष्टी त्यांनी हौसेने पत्करलेल्या नाहीत. पण शाळेला हे ठाऊक असले पाहिजे, आणि घरानेही ते स्वतःशी कबूल केले पाहिजे.

आणि मग ती कारणे, जी सांगताना लेखणी जड होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने हा सारा परिसर हादरला. २० ऑगस्ट रोजी लोकांनी तेथे तासन्‌तास रेल्वे रोखून धरली. लोकांचा संताप योग्यच होता. परंतु त्या प्रकरणापासून आपण जे शिकावयाचे, ते शाळेच्या आवारात कॅमेरे बसविल्याने संपत नाही. काल हसतखेळत शाळेत जाणारे मूल आज फाटकाशी येताच किंचाळू लागते. एखाद्या माणसाला, एखाद्या खोलीला भिते. अंथरूण ओले करू लागते. एकाएकी गप्प होते किंवा एकाएकी हिंस्र होते. लहान मुलाजवळ सांगण्यासाठी शब्द नसतात. जे घडले त्याला काय म्हणतात, हेच त्याला माहीत नसते. त्याची वागणूक हीच त्याची फिर्याद असते. त्या वेळी 'हट्ट करू नकोस' म्हणून त्याला आत ढकलणारा हात शिक्षिकेचा असो वा आईचा, तो अजाणतेपणी फिर्याद दडपीत असतो. घरातील मारझोड, बापाचे दारूचे व्यसन, आईबापांची ताटातूट, आजोबांचा मृत्यू, हे सारे याच वाटेने शाळेत येते आणि हजेरीपटात कोठेही नोंदले जात नाही.

याचा अर्थ प्रत्येक दांडग्या मुलामागे एखादा रोग वा शोकांतिका शोधीत बसावे, असा नव्हे. हल्ली सुशिक्षित घरांतून मोबाइलवर चार ओळी वाचून मुलाच्या रोगाचे निदान करण्याची जी नवी खोड लागली आहे, तीही आम्हांस मान्य नाही. अवधान न टिकणे आणि अतिचंचलता हा खरा विकार आहे. परंतु तो घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, दीर्घकाळ दिसावा लागतो, आणि त्याचे निदान तज्ज्ञाने करावयाचे असते. डबा खाल्ल्यावर मैदान नसलेल्या शाळेत जिन्यावरून धावणारे मूल आजारी नसते. त्याला मैदान हवे असते. दोन पाळ्या भरवून एकाच इमारतीत दोन शाळा चालविणाऱ्यांनी आणि खेळाच्या तासाला गणित घेणाऱ्यांनी या चंचलतेतील आपला वाटा ओळखलेला बरा.

येथे शिस्तप्रिय वाचक विचारतील की, मग मुलांना मोकाट सोडावे काय? वर्गातील एक मूल दुसऱ्याला रोज मारीत असेल, तर त्या मार खाणाऱ्याचे काय? प्रश्न रास्त आहे. मारणाऱ्याला त्याच दिवशी, त्याच क्षणी थांबविले पाहिजे. मार खाणाऱ्याला आधी जवळ घेतले पाहिजे, आणि आपण सुरक्षित आहोत असे त्याला वाटले पाहिजे. कारण कळले म्हणून कृत्य क्षम्य होत नाही. ज्याने फाडले त्याने चिकटवावे, ज्याने सांडले त्याने पुसावे, ज्याने दुखावले त्याने भरपाई करावी. मात्र हे सारे सभा भरवून नव्हे, बाजूला घेऊन. आणि त्यानंतर शिक्षकाने पंधरा दिवस एक साधी नोंद ठेवावी. मुलाने हे कोणत्या तासाला केले, त्याच्या आधी काय घडले होते, आणि त्यानंतर त्याला काय मिळाले? तीनच रकाने. बहुतेक वेळा उत्तर त्या कागदावरच उमटलेले दिसते. दंगा नेहमी वाचनाच्या तासाआधी होतो. किंवा सोमवारीच होतो. किंवा ज्या दिवशी अमुक बाक शेजारी येतो त्या दिवशी होतो. पखालीला औषध पाजणे थांबवून रेड्याकडे पाहण्याची ही पहिली पायरी आहे.

हा विचार या भूमीला नवा नाही. तारा मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम मांडले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. तेथील आदिवासी मुले शाळेत येत नसत. त्यांना आळशी म्हणणे सोपे होते, आणि तसे म्हणणारेही असतीलच. या दोघींनी पाहिले की मुले गुरे राखावयास जातात. तेव्हा शाळाच गुरांच्या मागोमाग कुरणात गेली, आणि 'कुरणशाळा' हा शब्द मराठीला मिळाला. मुलाची अडचण ओळखून शाळेने आपली चाल बदलली.

दुसरे उदाहरण तर ठाण्याच्या ऐन मध्यावर आहे. २०१६ च्या जूनमध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या साहाय्याने तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नल शाळा सुरू केली. सिग्नलपाशी गजरे आणि खेळणी विकणारी, मराठवाड्यातील दुष्काळातून आलेल्या कुटुंबांची ती मुले. एका जागी बसण्याची त्यांना सवय नव्हती आणि वर्ग म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. त्या शाळेत दिवसाचा आरंभ पाढ्यांनी होत नसे. अंघोळ, स्वच्छ कपडे आणि न्याहारी यांनी होई. २०१९ साली तेथील दोन मुले शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली. पुलाखालच्या मुलांसाठी जी समज दाखविता आली, ती मनोऱ्यांतल्या मुलांसाठी दाखविता येत नाही, हे आम्ही कसे मानावे?

तज्ज्ञांचीही वाण नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यातच इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली, आणि मनाचे आरोग्य हा या शहरात उघड बोलण्याचा विषय झाला. एरवी ठाण्याचे नाव या संदर्भात उभ्या महाराष्ट्रात थट्टेने घेतले जात असे; येथील मनोरुग्णालय १९०१ पासूनचे, त्यामुळे 'याला ठाण्याला पाठवा' हा आपल्या विनोदी लेखकांचा हुकमी विनोद. तो विनोद शिळा झाला, पण त्यामागील भीती सुशिक्षितांच्या घरातून गेलेली नाही. शाळेने समुपदेशकाचे नाव काढताच 'आमचे मूल काय वेडे आहे?' असे विचारणारे पालक पदवीधर असतात. मुलाचे दात वाकडे आले तर हजारो रुपये खर्चून तार बसविणारी हीच मंडळी.

मग उणीव कशाची आहे? ऐकणाऱ्या माणसाची आणि त्याला लागणाऱ्या वेळेची. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असावयास हवा. जेथे एका वर्गात साठ डोकी कोंबलेली आहेत, तेथील शिक्षिकेला 'मूल समजून घ्या' म्हणून सांगणे हा तिचा उपहास होय. त्यात निवडणूक आहे, जनगणना आहे, रोज नव्या नमुन्यात भरावयाची माहिती आहे. आमचा रोख शिक्षकांवर नाही. ज्यांनी त्यांना एकटे सोडले त्या संस्थाचालकांवर आणि शिक्षणखात्यावर आहे.

आणि येथे आता सबबीला जागा उरलेली नाही. विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असे सांगितले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा या विषयाचे प्रशिक्षण द्यावे. विद्यार्थ्यांची चारचौघांत मानखंडना टाळावी. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असावी, असेही त्यात आहे. शंभर विद्यार्थी ही अट आमच्या या नगरांतील जवळजवळ प्रत्येक शाळेला लागू पडते. कित्येक शाळांत तेवढी मुले एकट्या पहिलीत असतात.

खर्चाचा प्रश्न उपस्थित केला जाईल. महापालिकेच्या चार-पाच शाळांमिळून एक समुपदेशक, वारांची वाटणी करून, ही कल्पना निकालाच्या अक्षराला पुरती उतरत नाही. परंतु आज जेथे कोणीच नाही तेथे आरंभ म्हणून ती चालेल, आणि शहराच्या अंदाजपत्रकात तिचा आकडा शोधावा लागेल इतका लहान असेल. खाजगी संस्थांना तर ही सबब मुळीच शोभत नाही. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आणि प्रवेशाच्या जाहिरातीवर होणारा खर्च त्यांनी आठवावा. मात्र नेमलेल्या समुपदेशकाला रजेवरच्या शिक्षकाचा तास घ्यावयास लावणे, किंवा त्याच्या खोलीला 'मुख्याध्यापकांकडे पाठविण्याआधीची पायरी' करून टाकणे, हे प्रकार आताच वर्ज्य ठरवावे लागतील. मुलाने तेथे जे सांगितले ते वर्गात फुटले, तर दुसरे मूल त्या दारात पाऊल ठेवणार नाही. अपवाद एकच: मुलाच्या जिवाला वा शरीराला धोका असेल, तेव्हा गप्प राहणे हा गुन्हा आहे, आणि लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर २०१२ चा पोक्सो कायदा तसे स्पष्ट सांगतो.

शाळा जूनच्या मध्यास उघडतात. त्यापूर्वी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या शिक्षण विभागांनी आपल्या हद्दीतील शाळांची यादी प्रसिद्ध करावी: समुपदेशक कोठे आहे, कोठे नाही, आणि नसेल तर कधी येणार. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी देखरेख समितीचे सदस्य कोण आणि तक्रार कोठे करावयाची, हे जाहीर करावे. आणि पालकांनी पहिल्या पालकसभेत गुणपत्रिकेकडे वळण्याआधी शाळेच्या दर्शनी फलकावर समुपदेशकाचे नाव, वार आणि वेळ लिहिलेली आहे काय, ते पाहावे. फलक कोरा असेल, तर वर दिलेली निकालाची तारीख मुख्याध्यापकांना वाचून दाखवावी आणि उत्तर लेखी मागावे.